खाली रेंज चांगली येते

१

सुरुंग उडायच्या आधी खाणीतला प्रत्येक माणूस ताईपुढे येऊन फोन ठेवायचा. मग तो मुकादम असो नाहीतर झाडूवाला. सुरुंगाच्या टोप्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या बारीक नळ्या, विजेवर उडणाऱ्या. जवळपास फोन चालू राहिला तर त्याच्या लहरींनीही एखादी टोपी भडकू शकते, असा नियमच होता. म्हणून प्रत्येकाने फोन विमानावर टाकायचा, पडद्यावर विमानाचं चिन्ह ताईला दाखवायचं आणि लोखंडी पेटीतल्या आपल्या खणात ठेवायचा. सगळ्यांची विमानं बघून झाली की ताई झाकण लावायची, लाल बावटा वर करायची, आणि मगच खाली भोंगा वाजायचा.

ताईची जीभ तिच्या पेटीच्या कुलपापेक्षा मजबूत होती. एखाद्याने विमान न लावता फोन पुढे केला की तिचा पट्टा सुरू. "डोळे आहेत की बटणं? ही काय चिन्हं आहेत वर? शोभेला लावलीत?" मग ती त्याला उभ्या उभ्या शिकवायची. रेंजच्या कांड्या भरलेल्या म्हणजे टॉवर जवळ आहे. फाइव्हजी म्हणजे घोड्यावर, फोरजी म्हणजे सायकलवर, एच आलं म्हणजे पायी, ई आलं म्हणजे रांगत.

"आणि नुसतं जी आलं तर?" कोणीतरी विचारायचंच.

"तर समज, म्हातारा अंथरुणातूनच हाका मारतोय."

"आणि उद्गारचिन्ह?"

"दार उघडं आहे, पण घरात कोणी नाही. आणि फुली म्हणजे घरच नाही. झालं शिक्षण? सरका पुढे."

हे काम तिने मागून घेतलं होतं. सुरुंगवाला तिचा भाऊ होता. आई गेली तेव्हा तो शर्टाच्या बाहीला नाक पुसत हिंडायचा. ताईनेच त्याला वाढवलं, आणि वाढून वाढून त्याने धंदा निवडला तो हा. सगळी खाण त्याला धाकटाच म्हणायची. त्याच्या हातात टोप्या असताना आसपास एकही फोन चालू राहता कामा नये, एवढ्या एका गोष्टीसाठी ताई त्या पेटीवर ठाण मांडून बसली होती.

त्या दिवशी ड्रिलवाल्याने फोन पुढे केला. हा माणूस इतका गरीब की त्याचं नावच गोगलगाय पडलं होतं. "गोगलगाय नि पोटात पाय," असं मुकादम त्याला चिडवायचा, पण ताईचं मत होतं की याच्या पोटातही पाय नसावेत.

पडद्यावर विमान होतं. आणि विमानाच्या शेजारी सगळ्या कांड्या भरलेल्या होत्या. वर बारीक एच.

"हे काय रे?"

"विमान लावलंय की."

"विमान लावल्यावर कांड्या कशा राहतील? एक तर हे, नाहीतर ते."

तिने फोन बंद करून पुन्हा चालू केला. तसंच. सिम काढून त्याच्या हातावर ठेवलं. विमान, कांड्या, एच. कशातही काही फरक नाही.

गोगलगाय ओशाळून हसला. "खालून आल्यापासून असंच आहे ताई. खाली रेंज चांगली येते."

"खाली?" ताईने डोळे मोठे केले. खाणीच्या तळाला आजवर कोणालाही फुलीशिवाय दुसरं काही दिसलं नव्हतं. वर कार्यालयापाशी फोरजी असायचं, उतारावर ते एक एक कांडी करत मरायचं आणि तळाशी ठार.

फोन बिघडला असेल, असं तिने ठरवलं. यंत्रच ते, बिघडणार. तिने तो पेटीच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवला आणि झाकण लावलं. सुरुंग नीट उडाले. खाली आणखी एक टप्पा मोकळा झाला.

२

पण डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई धाकट्याबरोबर खाली उतरली. स्वतःचा फोन हातात धरून, डोळे पडद्यावर.

"पाय घसरला तर फोन वाचेल, तू नाही वाचणार," धाकटा म्हणाला.

"तू गप्प चाल."

उतारावर कांड्या कमी होत गेल्या. ताईला बरं वाटलं. अर्ध्या वाटेवर फुली आली आणि तिचा जीव भांड्यात पडला. जगात सगळं जागच्या जागी होतं, गोगलगायीचा फोन सोडून.

मग शेवटचं वळण आलं आणि फुली गेली. एक कांडी, दोन, मग सगळ्या. वर एच.

ताई थांबली नाही. काल फुटलेल्या नव्या कड्यापर्यंत ती चालत गेली. दगड ओलसर काळा होता आणि त्यात सुरुंगाच्या भोकांच्या अर्धगोल उभ्या खाचा दिसत होत्या. कड्यापाशी एचचं ई झालं. कांड्या भरलेल्याच. कंपनीचं नाव जिथे येतं ती जागा मात्र कोरी होती.

"दगडावरून लहरी परत येत असतील," धाकटा म्हणाला. "आणि जुनं नेटवर्क लांबपर्यंत पोचतं. तूच सांगतेस ना सगळ्यांना? जितकं जुनं, तितकं लांब."

"हो, पण लांब कुठून?"

"वरून कुठूनतरी."

"वरून येत असतं तर वर जास्त आलं असतं की नाही?"

दोघंही हसले. हसू कोणालाच आलं नव्हतं. वर खडीयंत्र चालू असणार, रोजच असतं. पण इथे उभं राहिल्यावर त्याचा आवाज येत नव्हता. ताईने फोन खिशात टाकला आणि भावाचा दंड धरून त्याला वर घेऊन आली. तो कुरकुरला, पण आला.

जेवणाच्या सुट्टीत ती कठड्याशी उभी होती. खाली डंपरवाला चाकाला टेकून डबा खात होता. थोड्या अंतरावर गोगलगाय कानाला फोन लावून उभा होता. बोलत काहीच नव्हता. मान तेवढी हलत होती. हो, हो, लगेच, असं म्हणणाऱ्याची हलते तशी. मग त्याने फोन खिशात ठेवला, हातोडा उचलला आणि डंपरकडे गेला.

ताई तोवर पेटीकडे वळली होती, तिने आधी आवाज ऐकला. ठक, ठक, ठक. एका लयीत, मध्ये दम घ्यायला थांबून. कामाचा ठोका होता तो. रागाचा ठोका असा नसतो. म्हणूनच तिला वळून बघायला उशीर झाला.

डंपरवाल्याचे पाय अजून हलत होते. डबा उपडा झाला होता. गोगलगाय त्याच्यापुढे गुडघे टेकून बसला होता आणि डाव्या हाताने त्याचं तोंड स्थिर धरून उजव्या हाताने ठोकत होता. माणसं धावली. चौघांनी मिळून त्याला खाली पाडलं तेव्हा तो भांबावून सगळ्यांकडे बघायला लागला.

"अहो, सोडा ना," तो म्हणाला. "चाकाचा बोल्ट सैल झालाय. कोणाच्या तरी जिवावर बेतेल."

३

पोलीस येईपर्यंत त्याला कार्यालयात खुर्चीला बांधून ठेवलं. ताईने त्याला पाणी पाजलं. त्याच्या भुवईवर रक्त वाळलं होतं आणि त्याला ते जाणवत नव्हतं.

"फोन कोणाचा होता रे?"

"बायकोचा. म्हणाली, बोल्ट निघालाय, आता ठोकला नाही तर गाडी तुमच्याच अंगावर येईल." मग त्याने हळूच विचारलं, "बसला ना बोल्ट?"

ताईने ओल्या फडक्याने त्याची भुवई पुसली. संध्याकाळी त्याची बायको आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "मी फोन केलाच नाही हो ताई. सकाळपासून यांचा फोन लागतच नव्हता."

डंपरवाला जगला, पण त्याचा जबडा कायमचा गेला. मुकादमाचं म्हणणं पडलं की जुनी खुन्नस असणार. गरीब माणूस मनात ठेवतो आणि एक दिवस बाहेर काढतो. लोकांना ते पटलं. ताईलाही पटायला हवं होतं.

त्यानंतर वेल्डरचं झालं. त्यात ताईचा हात होता, म्हणून ते तिच्या काळजाला जास्त लागलं.

पेटी बंद होती, बावटा वर होता. सुरुंग उडून गेले होते, धूळ बसायची वाट बघत सगळे आडोशाला होते. आणि पेटीत फोन वाजला. ताई दचकली. आत सगळी विमानं तिने स्वतः बघितली होती. झाकण उघडलं तर वेल्डरच्या फोनवर 'आई' अशी अक्षरं. कोणाची आई फोन करते तेव्हा माणूस चिन्हं बघत बसत नाही. आजारीबिजारी असेल म्हणून ताईने तो तसाच वाजता वाजता वेल्डरच्या हातात दिला.

तो ऐकत ऐकत कार्यशाळेकडे गेला. जाताना ताईकडे बघून मान हलवली, काळजी नको अशी.

थोड्या वेळाने वास आला. मग ओरडणं. त्याचा जोडीदार तिथे बाकावर आडवा झाला होता, पंख्याखाली, हात लोंबता सोडून. वेल्डरने डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता, गॅसची ज्योत बारीक निळी केली होती आणि काम चालवलं होतं. लोकांनी नळी ओढून काढली तोवर त्या हाताची बोटं हाताला नव्हती.

"साखळी होती हो ताई," तो नंतर रडत रडत म्हणाला. "आई म्हणाली, साखळीत अडकलेय, सोडव. मी एकेक कडी सोडवली."

वेल्डरच्या आईला फोन लावताच येत नव्हता. आलेला उचलता यायचा, तेवढाच. आणि फोन देताना डोळ्यांसमोरून गेलेलं ताईला आता आठवलं: विमान तसंच होतं, कांड्या भरलेल्या होत्या आणि वर नुसतं जी होतं.

ती तडक मुकादमाकडे गेली.

"खालचं काम थांबवा."

"का म्हणून?"

"खाली जे नेटवर्क येतंय ते आपल्यातल्या कोणाचं नाही. जसजसं खाली खणतोय तसतसं ते जुनं होत चाललंय. एच होतं, ई झालं, आता जी झालं. त्याच्या खाली काय आहे?"

मुकादमाने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. "ताई, तुम्हाला फोनवरची चार चिन्हं कळतात म्हणून मी आजवर कौतुकच केलं. पण रेंजमुळे माणसं खुनी होतात, असं मी साहेबांना सांगू? मलाच बांधतील खुर्चीला."

"मग निदान उद्याचे सुरुंग लावू नका."

"भोकं भरून झालीत. दारू ठासलेली आहे. तशी सोडून देऊ? कोणी पहार मारली तर? विचारा तुमच्या भावाला."

धाकटा दारात उभा होता. त्याने नजर टाळली. "भरलेलं ठेवता येत नाही ग ताई. उडवावंच लागतं. एवढं उडवतो, मग बघू."

मुकादम दुष्ट नव्हता आणि धाकटा खोटं बोलत नव्हता. ताईला दोघांचाही राग आला.

४

दुसऱ्या दिवशी तिने एकेकाचे खिसे चाचपले. कोणी हसलं नाही. धाकट्याचा फोन तर तिने स्वतःच त्याच्या खिशातून काढला, पेटीत ठेवला, कुलूप घातलं आणि किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आता काय, जीभ पण काढून ठेवू पेटीत?" तो म्हणाला.

"खाली कोणाचाही आवाज आला तरी ऐकायचं नाही. माझा आला तरी."

"तुझं मी वरही कधी ऐकत नाही." त्याने तिच्या डोक्यावर टपली मारली आणि तारांचं भेंडोळं खांद्यावर टाकून उताराला लागला.

ताई पेटीच्या झाकणावर बसली. ऊन चांगलंच चढलं होतं. खाली धाकटा या भोकाकडून त्या भोकाकडे वाकत, तारा जोडत चालला होता. माणसं आडोशाला गेली होती. इतकी शांतता की पेटीच्या पत्र्याची उन्हाने होणारी टकटक ऐकू येत होती.

मग पेटी थरथरली. आधी एका कोपऱ्यात, मग सगळी. तिच्या मांड्यांखाली सगळे फोन एकदम वाजायला लागले. प्रत्येकाचं वेगळं गाणं, वेगळी घंटा, कुठे तान्ह्या मुलाचं हसणं. आडोशातून माणसं माना काढून बघायला लागली. कोणाची आई, कोणाची बायको, कोणाची लेक आत बोलवत होती.

"उघडायची नाही!" ताई ओरडली. "कोणी जवळ आलं तर डोकं फोडीन!"

कोणी आलं नाही. ती झाकणाच्या कडा दोन्ही हातांनी धरून बसली, आणि हळूहळू आवाज थांबले.

तिने खाली बघितलं. धाकटा काम सोडून ताठ उभा होता. तोंड वर, तिच्याकडे. कोपर दुमडलेलं, हात कानाशी.

ताई झाकणावरून उठली. ती धावत सुटली. मागून मुकादम ओरडत होता, बावटा वर आहे, तारा जोडलेल्या आहेत. तिला फक्त ते दुमडलेलं कोपर दिसत होतं. पाय सटकला, गुडघा सोलला, ती उठली.

शेवटच्या वळणावर तिच्या खिशात फोन वाजला.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. सगळ्या खाणीचे खिसे चाचपणाऱ्या बाईने स्वतःचा खिसा बघितला नव्हता. टोप्या जोडलेल्या, आणि तिचा फोन चालू. पण हे तिच्या मनात नीट शिरायच्या आत पडद्यावर नाव दिसलं: धाकटा. कांड्या भरलेल्या. त्यांच्या वर जिथे जी असतं तिथे आता अक्षर नव्हतं. नखाने उकरल्यासारखं काहीतरी होतं, आणि ते बघताना तिला वाटलं की आपण हे वाचू शकतो. तिने पटकन नजर काढून घेतली.

तिने फोन उचलला. भाऊ होता तो. तिला दुसरं काही सुचलंच नाही.

"ताई, लवकर ये," धाकटा म्हणाला. लहानपणी काटा रुतल्यावर यायचा तसा आवाज. "फोन कानाला चिकटलाय. निघत नाही. तू ओढ. ओढ आणि फोड."

"आले, आले मी. ऐकू नकोस काही."

५

तिने त्याला गाठलं तेव्हा त्याच्या कानाशी तो काळा तुकडा होताच. तिने झडप घातली. धाकट्याने तिचे हात धरले. त्याच्यात बळ होतं. पण ताईने त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं होतं, तो कुठे कच्चा आहे ते तिला ठाऊक होतं. तिने त्याच्या पायात पाय घालून त्याला पाडलं. तो काहीतरी बोलत होता, मोठ्याने, पण ते तिला कळेना, कारण फोनमधला त्याचा आवाज जास्त जवळ होता.

"ओढ ताई. आता निघेल."

तिने नखं रोवून ओढलं. निघालं. फोन दगडावर पडला. पडदा लखलखत होता आणि कांड्या सगळ्याच्या सगळ्या. तिने दोन्ही हातांनी दगड उचलला आणि घातला.

काच तडकली. उजेड गेला नाही. तिने पुन्हा घातला. आतून काहीतरी ओलं तिच्या मनगटावर उडालं. बॅटरी फुटली असेल, तिने ठरवलं. एक कांडी कमी झाली.

"अजून," धाकटा म्हणाला. "थोडंच राहिलंय."

ताई मारत राहिली. एका लयीत, मध्ये दम घ्यायला थांबून. मारता मारता ती त्याच्याशी बोलत होती, झालं हं, झालंच, माझा राजा तो. कांड्या एकेक करून उतरत होत्या. शेवटची बराच वेळ लुकलुकली. तिने दगड डोक्याच्या वर नेला आणि सगळा जोर लावून खाली आणला, तेव्हा ती विझली आणि तिथे फुली आली.

सुटलो आपण, असं तिला वाटलं. इतकं मोकळं तिला आई गेल्यापासून वाटलं नव्हतं.

"ताई." हा मुकादम होता. तो आणि बाकीची माणसं बऱ्याच अंतरावर उभी होती, कोणी पुढे यायला तयार नव्हतं. एकजण तोंड फिरवून ओकत होता. "ताई, तो दगड खाली ठेवा."

"मोडला मी फोन," ताई धापा टाकत म्हणाली. "आता काही भीती नाही. आता तो कानाला लावणार नाही."

"कुठला फोन?" मुकादमाचा आवाज फाटला. "त्याचा फोन पेटीत आहे. तुम्हीच ठेवलात. तो हात तोंडाशी धरून ओरडत होता हो तुम्हाला, वरच थांबा म्हणून. येऊ नका म्हणून."

ताईने डाव्या हाताने दगड छातीशी धरला आणि उजव्या हाताने आपला कान चाचपला. फोन तिथेच होता. कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला, स्वयंपाक करताना धरायची तसा. गरम होता. साधा ओरखडाही नव्हता त्याच्यावर.

"धाकटा कुठाय?" तिने विचारलं.

सगळे तिच्या गुडघ्यांपुढे बघत होते.

"इथेच आहे की," धाकटा तिच्या कानात म्हणाला. "तू खाली नको बघूस, ताई."

आणि ताईने बघितलं नाही.